टाळूच्या वर, टाळूच्या खाली

आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांच्या मधे घालून बघावीत. निरोगी माणसाची सहज जातात. दोनच गेली तर कुणा जाणत्याला तोंड दाखवायला हवं. एकच जेमतेम जात असेल तर उशीर झालेला आहे, पण वेळ अजून गेलेली नाही. डोंबिवली पूर्वेला माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. एवढ्या वर्षांत दुर्बिणी आल्या, कॅमेरे आले, नाकाचा कोपरा न् कोपरा पडद्यावर दिसायला लागला. तरी या तीन बोटांइतकी खरं बोलणारी तपासणी माझ्याकडे दुसरी नाही. बोटं ज्याची त्याची, म्हणून मापही ज्याचं त्याला बरोबर बसतं.

ज्यांची बोटं जात नाहीत, ते तोंड उघडत नाही अशी तक्रार घेऊन येत नाहीत. ‘मॅडम, मिसळ खाल्ली की आग आग होते.’ ‘पाणीपुरी अख्खी जात नाही, फोडून खावी लागते.’ एकाची बायको बरोबर आली होती, तिने सांगितलं की हे हल्ली घास बारीक करून खातात, जांभई देताना गाल धरतात. बहुतेक वेळा वय पंचविशी-तिशीचं. कुणी रिक्षा चालवतो, कुणी एमआयडीसीत कंत्राटावर रात्रपाळी करतो, कुणी दिवसभर पार्सलं पोचवतो. झोप येऊ नये म्हणून, भूक दबावी म्हणून, सोबतचे खातात म्हणून गालात पुडी ठेवायची सवय लागलेली असते. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. आमच्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या मावशी अजूनही रोज सकाळी फाटक्या पुड्यांचा ढीग गोळा करतात.

या पुडीतलं तोंड आखडवणारं द्रव्य तंबाखू नव्हे, सुपारी. लोकांना हे सांगितलं की पटत नाही, कारण सुपारी पूजेत असते, लग्नात असते, जेवणानंतर तबकात असते. पण सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात. मऊ, गुलाबी, ओला असायला हवा तो गाल पांढुरका आणि ताठ होतो. हातमोजा घालून आत बोट फिरवलं की वरून खाली गेलेले घट्ट पट्टे लागतात. १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळूच्या आणि घशाच्या कमानींच्या या दुखण्याचं वर्णन भारतीय वैद्यकीय नियतकालिकात केलं आणि त्याला नाव दिलं, सबम्यूकस फायब्रोसिस. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. साठलेले तंतू सुपारी सोडली म्हणून विरघळत नाहीत. पण सोडली की पुढचं साठणं बऱ्याच अंशी थांबतं, आणि व्यायामाने, औषधाने, गरज पडली तर शस्त्रक्रियेने तोंड पुन्हा थोडंफार उघडता येतं. त्या थोड्याफारची किंमत, घास फोडून खाणाऱ्याला विचारावी.

तोंड तपासायला उजेड लागतो आणि क्रम लागतो. मी ओठांपासून सुरू करते. ओठ उलटून आतली बाजू, मग एका गालातून दुसऱ्या गालात, हिरड्यांची बाहेरची कड, आतली कड. मग जीभ बाहेर काढायला सांगून तिचं टोक कापसाच्या जाळीच्या तुकड्यात धरायचं, नाहीतर ती निसटते, आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून कडा बघायच्या, अगदी मागच्या दाढेपर्यंत. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात गालाखालोखाल या कडाच दगा देतात, आणि आरशासमोर उभं राहून जीभ नुसती बाहेर काढली तर त्या दिसत नाहीत. मग जीभ वर टाळूला लावून खालचा तळ. शेवटी टाळू, पडजीभ, टॉन्सिल. दोन मिनिटांचं काम. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, कडा उचललेला व्रण, हे शोधायचं असतं. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त घातकी, आणि तो दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो.

उलट पुष्कळजण जे बघून घाबरतात ते निसर्गानेच दिलेलं असतं. जिभेच्या अगदी मागे, घशाच्या तोंडाशी, मोठ्या दाण्यांची एक ओळ असते. ती सगळ्यांना असते. मोबाइलच्या टॉर्चने पहिल्यांदा पाहिलेला माणूस रात्रभर झोपत नाही आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात उभा असतो. टाळूच्या मधोमध हाडाचा कडक उंचवटा असतो काहींना, गालात बारीक पिवळसर ठिपके असतात, काहींच्या जिभेवरचे लालसर पट्टे आज इथे तर आठवड्याने तिथे सरकतात. यातलं काहीही आजार नाही. हे सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो सुटल्याचा भाव येतो, त्यासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार असते.

तोंड येणं हे आपल्याकडचं घरोघरचं दुखणं. उष्णता झाली म्हणतात, सब्जा खातात, गुलकंद खातात, तूप लावतात. साधा तोंडाचा फोड एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो, त्यामुळे त्याचं श्रेय शेवटी जे केलं असेल त्याला मिळतं. वरचेवर येत असेल तर रक्त तपासावं; बी-१२ किंवा लोह कमी निघतं, विशेषतः शाकाहारी घरांत. पण एकाच जागी असलेला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर सब्जा बाजूला ठेवून दाखवायलाच हवा. दाढेचं टोक घासत असेल, कवळी टोचत असेल, किंवा दुसरं काही असेल. त्या दुसऱ्यासाठीच ही तीन आठवड्यांची मुदत आहे.

बायकांच्या तोंडाची गोष्ट वेगळी. मिश्री लावणाऱ्या आज्या-मावश्या कल्याण तालुक्यातल्या गावांतून येतात, घाटावरून इकडे आलेल्या कुटुंबांतल्या असतात, आणि ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ठाम नाही म्हणतात. त्या खोटं बोलत नसतात. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू हिरड्यांना चोळणं हे त्यांच्या लेखी दात घासणं असतं. ‘सकाळी दात कशाने घासता, मावशी?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. आणि तेही सून खोलीबाहेर गेल्यावर. तपासताना त्या पदर ओठांवर धरतात, मग हळूच बाजूला करतात. पुरुष डॉक्टरासमोर तो बाजूला झाला असता का, हे मला माहीत आहे, कारण त्यांच्यातल्या कित्येकींनी मला ते तोंडाने सांगितलं आहे.

अशा वेळी मला कल्याणच्या जोश्यांच्या घरातली यमुना आठवते, पुढची आनंदीबाई. १८८३ साली, अमेरिकेला निघण्यापूर्वी, कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला भरसभेत उभं राहून तिने सांगितलं होतं की हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. १८८६ साली फिलाडेल्फियातून पदवी घेतली आणि पुढच्याच फेब्रुवारीत क्षयाने गेली. इथल्या एका रोग्याला तपासायची संधीही तिला धड मिळाली नाही. तिने मागितलेलं काम आज तिच्याच गावाच्या परिसरात माझ्या वाट्याला आलंय, याची जाणीव मला असते. पदर बाजूला झाला की जास्तच.

आता टाळूकडे येऊ. चाळीत वरच्या मजल्याची जमीन तीच खालच्यांचं छत असते, तसा हा टाळू. खालून बघाल तर तोंडाचं छत, वरून बघाल तर नाकाची जमीन. पुढे हाड, मागे स्नायू. गिळताना मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो, म्हणून चहा नाकात जात नाही. ‘प’, ‘ब’, ‘क’ हे उच्चार स्वच्छ येतात तेही या बंद होण्यामुळे. ‘म’ आणि ‘न’ म्हणताना तो खाली सुटतो. जन्मतः टाळू दुभंगलेल्या बाळाची आई दूध नाकातून येतं म्हणून रडत येते. तिला मी आधी हेच सांगते की याची शस्त्रक्रिया होते, साधारण वर्षाच्या आसपास होते, आणि वेळेत झाली तर मूल चांगलं बोलतं.

वरच्या मजल्यावर तक्रारी जास्त आणि धोके कमी. ‘नाकाचं हाड वाढलंय’ हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकते. खरं तर वाढलेलं काही नसतं. मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो, आणि थोडाफार तो बहुतेकांचा झुकलेलाच असतो. नाक तपासायची माझी पहिली पायरी अगदी साधी आहे. जीभ दाबायची स्टीलची थंड पट्टी नाकपुड्यांखाली आडवी धरायची आणि श्वास सोडायला सांगायचा. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटतात. एक मोठा, एक छोटा असेल तर कोणती बाजू अडलीय ते कळलं. लहान मुलांना हे इतकं आवडतं की ती पुन्हा पुन्हा करायला लावतात, आणि तोवर त्यांची भीती गेलेली असते. मग नाकपुडी फाकवायचा छोटा चिमटा, ज्याला आम्ही थुडिकम म्हणतो. ज्या थुडिकमच्या नावाने तो ओळखला जातो तो जर्मनीत जन्मलेला, लंडनमध्ये राहणारा डॉक्टर, मेंदूच्या रसायनशास्त्राचा पाया घालणारा. माझ्या ट्रेमध्ये त्याचं नाव रोज उकळून निघतं.

आत पाहिलं की मधला पडदा आणि बाजूच्या भिंतीवरची शेंबडाने ओली, गुबगुबीत आवरणं दिसतात. ती फुगतात आणि ओसरतात, आणि तेही आळीपाळीने. काही तास डावी बाजू मोकळी, मग काही तास उजवी. ‘कधी ही नाकपुडी बंद, कधी ती’ म्हणून हैराण झालेल्यांना सांगावं लागतं की हे नाकाचं रोजचं काम आहे. योगशास्त्रातल्या लोकांना स्वर बदलतो हे कधीपासून ठाऊक होतं. पाश्चात्त्य वैद्यकात त्याची नोंद १८९५ साली कायझर नावाच्या जर्मन डॉक्टराने केली. आत येणारी हवा गरम करणं, ओली करणं, तिच्यातली धूळ चिकट थरावर पकडून घशाकडे ढकलणं, हे सगळं नाक न बोलता करत असतं. दिवसाला साधारण लिटरभर द्रव त्यात तयार होतो आणि आपण नकळत गिळतो.

घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, कल्याण-भिवंडी पट्ट्यात मेट्रोचं काम, डोंबिवलीत एक रस्ता खोदून झाला की दुसरा. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, ही तक्रार आता ऋतू बघत नाही. पावसाळ्यात भिंतींची ओल आणि बुरशी, उन्हाळ्यात धूळ, आणि बाराही महिने गादी-उशांतले न दिसणारे किडे. यावर नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे चांगले काम करतात. स्टेरॉइड म्हटल्यावर लोक दचकतात, पण नाकापुरता तो डोस फार थोडा असतो. दचकायला हवं ते औषधाच्या दुकानातून आपणच उचललेल्या, मिनिटभरात नाक मोकळं करणाऱ्या थेंबांना. आठवड्याच्या वर घेतले की नाक त्यांच्याशिवाय उघडत नाही. खिशात ती बाटली घेऊन वर्षानुवर्षं लोकलने जा-ये करणारे आहेत. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळात जलनेती शिकून आलेले पुष्कळजण माझ्याकडे येतात आणि त्यांना खरोखर बरं वाटतं. त्यांना माझं एकच सांगणं: पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं थेट नको, कारण अशा पाण्यातला एक अमीबा नाकाच्या छतातून मेंदूत शिरू शकतो, आणि अर्ध्या लिटरला सपाट एक चमचा मीठ.

मुलांबद्दल दोन गोष्टी. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येणाऱ्या मुलाच्या नाकात काहीतरी अडकलंय असंच धरून चालावं. चणा, मणी, खोडरबराचा तुकडा, स्पंज. आणि खेळण्यातली किंवा घड्याळातली चपटी बटण-बॅटरी असण्याची शक्यता असेल तर त्याच रात्री, जेवण बाजूला ठेवून, डॉक्टरकडे न्यावं. काही तासांत ती मधला पडदा जाळते. दुसरी गोष्ट घोळणा फुटण्याची. मुलाच्या नाकातून रक्त आलं की आजी त्याची मान मागे करते, डोक्यावर पाणी ओतते, कांदा हुंगवते. मान मागे केली की रक्त घशात उतरतं, मूल ओकतं आणि सगळे जास्त घाबरतात. मूल पुढे वाकलेलं असावं, तोंडाने श्वास घेत असावं, आणि नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दाबून घड्याळात बघून दहा मिनिटं धरावा. मधे सोडून बघायचं नाही. बहुतेक वेळा रक्त पडद्याच्या पुढच्या टोकाच्या एका छोट्या जागेतून येतं, जिथे चार-पाच रक्तवाहिन्या भेटतात, आणि ती जागा बोटांच्या पकडीत असते. एवढं घरातल्या प्रत्येकाला यायला हवं.

नाकाच्या छतात, डोळ्यांच्या मधोमध, वासाची जागा आहे. चाळणीसारखी भोकं असलेलं एक पातळ हाड, त्यातून खाली उतरलेले मज्जातंतूंचे धागे. डोंबिवलीत या जागेबद्दल बोलताना मी शांत राहू शकत नाही. या शहराने जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला, फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता पाहिला, २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीचा आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्सचा स्फोट सोसला. पण रोजचा त्रास डोळ्यांना न दिसणारा असतो. पहाटे खिडकी उघडली की आंबट, कुजका, कधी गोडसर उग्र वास. बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवर उतरताच विचारतो, हा कसला वास? आपण म्हणतो, कसला? एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत तो आपल्याला जाणवेनासा होतो; ही नाकाची रचनाच आहे. वास जाणवत नाही म्हणजे हवा बरी झाली, असा निष्कर्ष आमच्या गावाने काढू नये.

गटारात आणि बंद विहिरीत साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर हे प्राणाशी येतं. थोडा असताना तो कुजक्या अंड्याचा वास देतो. प्रमाण वाढलं की वास घेणाऱ्या तंतूंनाच बधिर करतो. माणसाला वाटतं वास गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये कल्याण पूर्वेला चक्कीनाक्याजवळच्या एका विहिरीत विषारी वायूने पाच माणसं गेली. आधी उतरलेल्याला वाचवायला बाकीचे उतरत गेले, आणि त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. अशा ठिकाणी नाकावर विसंबायचं नसतं. वायू मोजायचं यंत्र आधी सोडायचं, माणूस नंतर.

मग २०२० आलं आणि सगळ्या जगालाच वास गेल्यावर काय होतं ते कळलं. दवाखान्यात फोन यायचे: ‘डॉक्टर, फोडणी करपली तरी कळलं नाही.’ ‘भात आणि कागद सारखाच लागतोय.’ चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातलं बरंचसं वासाचं असतं. घास चावताना त्याचा दरवळ टाळूच्या मागून वर नाकात चढतो. जिभेला फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव कळते. आमटी आणि सार यांतला फरक नाकच सांगतं. कोविडच्या विषाणूने वासाच्या मज्जातंतूंपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींना गाठलं, म्हणून बहुतेकांना वास परत आला. ज्यांना महिनोन्‌महिने आला नाही त्यांना मी वासाचा सराव करायला लावला. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांनी तो करून दाखवला होता: दिवसातून दोनदा, बारा आठवडे, एकेक वास मन लावून हुंगायचा. आमच्याकडे लवंग आणि लिंबू तर डब्यात आणि टोपलीत असतातच. एक शिक्षिका रोज सकाळी देवासमोर बसून हे करायच्या. पहिल्यांदा लवंग आली, तीही चुकीची, जळक्या रबरासारखी. मग हळूहळू लवंगेची लवंग झाली.

२०२१ च्या उन्हाळ्यात टाळूच्या वरचं आणि खालचं जग एकदम कोसळताना मी पाहिलं. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. मधुमेह हाताबाहेर गेलेला, कोविडसाठी स्टेरॉइड घेतलेलं, आणि दोन आठवड्यांनी एका बाजूचं नाक बंद, गाल दुखतोय, काळपट स्राव. ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीतही माणसं गेली. मे महिन्यात केंद्र सरकारने या रोगाची नोंद राज्यांना बंधनकारक करायला सांगितली. अँफोटेरिसिनची इंजेक्शनं मिळवायला नातेवाईक ठाणे-मुंबई पालथी घालत होते. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि तिथला रक्तपुरवठा तोडते, म्हणून तो भाग मरून काळा पडतो. तोंड उघडायला सांगून टॉर्च टाकला आणि टाळूवर रुपयाएवढा काळा डाग दिसला की माझ्या पोटात खड्डा पडायचा, कारण वरच्या मजल्यावर काय झालंय ते खालून कळलेलं असायचं. जीव वाचवायला वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मेलेला भाग काढावा लागे. वाचलेले बोलायचे ते नाकातून, आणि चहा नाकातून बाहेर यायचा. मग दंतवैद्य त्या भोकाच्या मापाची पट्टी, कृत्रिम टाळू, बनवून द्यायचे. ती बसवल्यावर एक गृहस्थ माझ्यासमोर अर्धा कप चहा प्यायले. सगळा, सावकाश. कप खाली ठेवून त्यांनी बायकोला नावाने हाक मारली, आणि ते नाव स्वच्छ आलं. त्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

काढलेल्या जागी दुसरं बसवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा, टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापलेला. वर्षभर तो तसाच होता. मग विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचं पातळ नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, त्याच्या मापाने कातडी सोडवली, भुवयांच्या मधे थोडी जोडलेली राहू दिली, वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. जोडावर पाण्यात मऊ केलेल्या काताचा लेप लावलेल्या कापडी पट्ट्या. साधारण पंचविसाव्या दिवशी वरचा दुवा कापला. त्या वर्णनावरून लंडनमध्ये कार्प्यू यांनी १८१४ साली पहिली शस्त्रक्रिया केली, आणि कपाळाच्या कातडीने नाक बनवण्याची ती रीत आजही शल्यविशारद वापरतात. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या काताने त्याने नाक जोडलं तो आज पानात सुपारीबरोबर बसतो.

नाक गेलं हे सगळ्यांना दिसतं. तोंडातलं कुणाला दिसत नाही, आणि म्हणूनच मला तोंडाची काळजी जास्त वाटते. तोंडाच्या कर्करोगासारखा नुसत्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी, वेळेआधी दिसणारा दुसरा कर्करोग क्वचितच. तिरुवनंतपुरममध्ये १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं बघितली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. तिथे मोठं यंत्र काही नव्हतं. तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं हे आता राष्ट्रीय कार्यक्रमातही आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन मागितलं तर तपासतात. मागावं लागतं, एवढंच. आणि आम्ही डॉक्टरांनी, तापासाठी आलेल्यालाही, कानासाठी आलेल्यालाही, जाता जाता ‘आ करा’ म्हणावं. मी म्हणते.

स्टेशनबाहेरच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला माझ्याकडे दीड बोट तोंड उघडत असताना आला होता. पुडी सुटली, महिनाभर त्याला रोज लाकडी चमच्यांची चळत दातांमधे धरायला लावली, दर काही दिवसांनी एक चमचा वाढवायचा. दोन बोटं जायला लागल्यावर तो एका दुपारी स्टँडवरच्या दोघांना घेऊन आला. ‘मॅडम, यांचं पण बघा. हे ऐकत नाहीत.’ पहिल्याच्या उजव्या गालात पांढरा चट्टा होता, पुसला जात नव्हता. तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढून टाकला आणि त्याला दर तीन महिन्यांनी यायला सांगितलंय. दुसऱ्याचं तोंड साफ होतं. फक्त खालच्या दाढेचं एक टोक त्याच्या जिभेच्या कडेला घासत होतं, ते गुळगुळीत करून घ्यायला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.